लेक ईरी, यलो पर्च आणि वारा : चार्टर कॅप्टन दिवस कसा काढतो?

मेंटरकर

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर, क्लीव्हलंडच्या पूर्वेला फेअरपोर्ट हार्बर आहे. तिथून सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सहा जणांसाठी पर्च मासा गरवायला चार्टर, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याची बोट, ठरवायची आहे. सहांपैकी चौघांनी गरी कधी हातात धरलेली नाही. ज्या ज्या कॅप्टनला विचारावं त्याचं उत्तर एकच: "आदल्या संध्याकाळी फोन करतो, वारा बघून ठरवू."

तर जाणकारांना विचारायचंय. वारा बघून म्हणजे नेमकं काय बघून? आणि वाऱ्याच्या दिवशी बोट निघालीच, तर कॅप्टन काय वेगळं करतो, आपण काय वेगळं करायचं? "जाऊन या, मजा येईल" छाप प्रतिसाद कृपया नकोत.

उत्तरवारा

आधी दिशा, मग वेग. बहुतेक लोक उलटं बघतात.

ईरी सरोवर नैर्ऋत्य-ईशान्य असं लांबलचक पसरलंय. लांबी सुमारे ३८८ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ९२. सरासरी खोली जेमतेम १९ मीटर, पश्चिमेच्या भागात तर सातच्या आसपास. पाणी उथळ, त्यामुळे लाट लवकर उठते, उभी राहते आणि एकामागोमाग एक येते. खुल्या समुद्रावर तीन फुटी लाट सात-आठ सेकंदांनी येत असेल तर पोटातलं पाणी हलत नाही. इथे तीच लाट तीन-चार सेकंदांनी येते आणि बोट आपटते. अंदाज वाचताना लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद एकत्र वाचा. सेकंदांचा आकडा फुटांच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर दिवस त्रासाचा.

फेअरपोर्टला उत्तरेचा वारा कॅनडाच्या काठापासून सगळं पाणी ओलांडून येतो. पश्चिमेच्या आणि ईशान्येच्या वाऱ्याला तर सरोवराची लांबीच मिळते. या दिशांनी १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर) असेल तर कॅप्टन बहुधा 'नाही' म्हणेल. आग्नेयेच्या १५ नॉटला 'हो' म्हणेल, कारण वारा जमिनीवरून येतो आणि काठाजवळ पाणी सपाट राहतं.

तांडेल_ओहायो

वरच्या शेवटच्या वाक्यात थोडी भर, कारण नवखे नेमके तिथेच फसतात. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यात बंदर तळ्यासारखं दिसतं. दोन मैलांवर लाट लहान, आठ मैलांवर बरीच मोठी. जाताना लाट मागून येते, बोट सुसाट जाते, सगळे खूश. परतताना तीच लाट तोंडावर. २७-२८ फुटी बोट जाताना ताशी २५ मैलांनी गेली असेल तर येताना ८-१० वर येते. म्हणजे दहा मैलांना तास-सव्वा तास, सगळे भिजलेले. म्हणून अशा दिवशी चांगला कॅप्टन आठ मैलांवरचे मोठे मासे सोडून तीन-चार मैलांवर मिळेल ते घेतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण हिशेब त्याचाच बरोबर असतो.

दुसरं, राष्ट्रीय हवामान सेवेचा काठालगतचा अंदाज फक्त पाच सागरी मैलांपर्यंतचा असतो. त्यापलीकडे जायचं तर खुल्या सरोवराचा अंदाज वेगळा वाचावा लागतो. त्यातला लाटेचा आकडा हा सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. '२ ते ४ फूट' लिहिलं असलं तरी दिवसभरात एखादी सहा-सात फुटी येऊ शकते, आणि नेमकी कोणीतरी डबा उघडून बसलेलं असताना येते.

लहान बोटींसाठीची सूचना, स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी, ग्रेट लेक्सवर २२ ते ३३ नॉट वारा किंवा चार फुटांहून मोठ्या लाटा असतील तर लागते. ती लागली की विषय संपला. लागली नाही म्हणून पर्च मिळतील असं मात्र नाही. १५ नॉटच्या पुढे बोट सुरक्षित असली तरी गळ तळाशी स्थिर राहत नाही, आणि पर्चला तो स्थिर लागतो.

पहाटे पाचला कॅप्टन वारा आणि लाटा मोजणाऱ्या तरंगत्या बोयांचे आकडे बघतो. क्लीव्हलंडसमोर ४५१६४ क्रमांकाचा बोया, पश्चिमेला ४५००५ क्रमांकाचा. एकच आकडा बघून काही कळत नाही. मागच्या तीन-चार तासांत वारा चढतोय की उतरतोय, दिशा फिरतेय का, ते बघायचं. पश्चिमेचा बोया आधी चढला तर फेअरपोर्टला तो वारा थोड्या वेळानं पोचणार, हे धरून परतीची वेळ ठरते.

नीलाक्षी

अवांतर नाही, विषयाचाच भाग: काल वारा पडला म्हणून आज सगळं ठीक, असं धरू नका. नैर्ऋत्येचा जोराचा वारा सलग वाहिला की पाणी पूर्व टोकाच्या बफेलोकडे ढकललं जातं. मोठ्या वादळात पश्चिम टोकाचं टोलेडो आणि बफेलोच्या पातळीत ७-८ फुटांचासुद्धा फरक पडतो. वारा थांबला की ते पाणी परत फिरतं आणि साधारण चौदा तासांच्या फेऱ्यानं हेलकावत राहतं. वर सगळं शांत दिसतं, तळाशी प्रवाह चालू असतो. मग गळाला वजनासाठी लावलेलं एक औंसाचं शिसं तळ धरत नाही, दोऱ्या तिरक्या जातात, सहा जणांच्या गुंतून एक गाठोडं होतं.

आणि मासा कुठे असेल, तेही वारा ठरवतो. उन्हाळ्याच्या शेवटी सरोवराच्या मध्य खोऱ्यात खालच्या थंड थरातला प्राणवायू संपत येतो. दर लिटरला दोन मिलिग्रॅमच्या खाली गेला की पर्च तिथे थांबत नाही. तो थर तळाशी काही मीटर जाडीचा असतो आणि वाऱ्यानं सरकतो. ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस टिकला तर दक्षिण काठाचं वरचं पाणी आत ओढलं जातं आणि खालचं थंड, कोंदट पाणी काठाकडे चढतं. परवा ५० फुटांवर ढीगभर मिळालेले मासे आज ३५ वर किंवा गायब, हे त्यामुळे. शरदात पाणी थंड होऊन वर-खाली मिसळलं की हा घोळ मिटतो. तुमची तारीख बरोबर या सीमेवर आहे.

गरीवाला

बोटीवरच्या कामाबद्दल लिहितो. पर्च डोळ्यांनी शिकार करणारा, दिवसा खाणारा मासा. अंधारात निघून फायदा नाही, सूर्य वर आला की बस. आदल्या दिवशीच्या लाटांनी काठाचं पाणी गढूळ झालं असेल तर मातकट आणि स्वच्छ पाण्याची रेघ शोधायची आणि स्वच्छ बाजूला राहायचं.

सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, पर्चचा थवा तळाला चिकटलेल्या ढिगासारखा दिसतो. कॅप्टन त्याच्यावरून दोन-तीनदा फिरतो, खूण टाकतो, मग नांगर. सगळी कला इथे आहे. पाणी ४० फूट, बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून पाच फूट वर, एकूण ४५. शांत दिवशी पाचपट दोरी चालेल, वाऱ्यात सातपट, म्हणजे ३१५ फूट. एवढी दोरी सोडल्यावर बोट नांगरापासून जवळपास ३१० फूट मागे उभी राहते. म्हणून थव्यावर नांगर टाकायचा नाही. वाऱ्याच्या दिशेनं तेवढं पुढे जाऊन टाकायचा आणि मागे सरकत थव्यावर यायचं. नवशिके थव्याच्या डोक्यावर नांगर टाकतात, मग दिवसभर शंभर यार्ड मागे बसून "आज मासा नाही" म्हणतात.

तळ चिखलाचा असेल तर दोन रुंद चपट्या पात्यांचा नांगर, ज्याला डॅनफोर्थ म्हणतात, आणि पुढे किमान १५ फूट साखळी. साखळी नसेल तर लाटेच्या प्रत्येक झटक्याला नांगराची दांडी वर उचलली जाते आणि तो घसरतो. दोरी नायलॉनची, ती ताणली जाते आणि झटका खाते.

नांगर नेहमी नाळेवरून. मागून कधीच नाही. मागची बाजू सपाट आणि बुटकी, त्यात इंजिनाचं वजन. दोन लाटा आत आल्या की बोट उठत नाही.

शिसं_दोन_औंस

गरीवाला, नांगरावर एवढं लिहिलंत, पण आता बऱ्याच बोटींवर नाळेवर जीपीएसची विजेची मोटर असते. एक बटण दाबलं की बोट तिथेच. थवा सरकला की दहा फूट पुढे सरका. नांगर ओढायची कटकट नाही.

गरीवाला

दोन फुटांपर्यंत मान्य. तीन फुटी लाटेत नाळ वर उचलली की मोटरचा पंखा हवेत फिरतो, मग पाण्यात आपटतो. दांडा आखूड असेल तर निम्मा वेळ तो पाण्याबाहेरच. बॅटरी सहा तासांची म्हणून घेतलेली दोन तासांत बसते. शिवाय २८ फुटी, सहा माणसांनी भरलेली, केबिन असलेली बोट वाऱ्याला केवढी तरी भिंत देते. वाऱ्याच्या दिवसाची चर्चा आहे, त्या दिवशी नांगरच.

नांगरावर बोट डावी-उजवीकडे झुलते हे खरं. मागून बादली किंवा छोटी ड्रिफ्ट पिशवी (पाणी भरून बोटीला रोखणारी) सोडली की झुलणं बरंच कमी होतं.

नांगर काढताना खरा धोका. बोयाची पद्धत अशी: दोरीवर कडी घालून मोठा फुगा लावायचा, बोट दोरीच्या एका बाजूनं तिरकी पुढे न्यायची. फुगा दोरीवरून सरकत खाली जातो आणि नांगर वर उचलून धरतो. दोरी कायम बोटीच्या बाजूला दिसत राहिली पाहिजे. ती मागे गेली आणि पंख्यात अडकली, तर बोट लाटांकडे पाठ करून बांधली जाते. तीन फुटांत हे फार वाईट.

शिसं_दोन_औंस

पटलं. मग मी माझ्या नावाचा विषय लिहितो.

काठी सहा-साडेसहा फुटांची, टोक मऊ. दोन गऱ्यांचं तारेचं स्प्रेडर, म्हणजे गऱ्या एकमेकींपासून दूर धरणारी चौकट. शांत दिवशी तीन गऱ्या चालतील, पण लाटेत तिसरी फक्त गुंता वाढवते. गरी ४ किंवा ६ नंबर, लांब दांड्याची, म्हणजे मासा गिळला तरी काढता येते. शिसं शांत पाण्यात एक औंस, वाऱ्यात दोन, प्रवाह असेल तर तीन. सहाही जणांनी सारखंच वजन लावायचं. एकाचं एक औंस आणि शेजाऱ्याचं तीन असेल तर दोऱ्यांचे कोन वेगळे होतात आणि गुंता ठरलेला.

दोरीवर वाद आहे. विणलेली दोरी ताणली जात नाही, टोचा, म्हणजे मासा आमिषाला लागल्याचा ठोका, लगेच कळतो. पण त्याच कारणानं बोट वर गेली की आमिषही तीन फूट वर उडतं. माझं मत, लाटेत साधी ८ पाउंडी नायलॉन बरी. थोडी ताणली जाते, आमिष शांत राहतं.

आता हाताचं काम. शिसं तळाला टेकवा, दोरी ताठ करा, मग काठीचं टोक कंबरेच्या उंचीवर ठेवा. बोट वर गेली की टोक खाली न्या, बोट बसली की टोक वर. शिसं तळ सोडता कामा नये. नवख्यांना हे पहिला अर्धा तास जमत नाही. त्यांना बोटीच्या मध्याजवळ उभं करावं, तिथे वर-खाली कमी होतं.

टोचा दोन बारीक ठोक्यांचा असतो. झटका मारू नका. पर्चचा जबडा कागदासारखा पातळ, फाटतो. टोक अलगद उचला, वजन लागलं की एका वेगानं गुंडाळा. मध्ये थांबलात तर दोरी ढिली पडते आणि लाटेत मासा सुटतो. बरेचसे मासे पाण्याच्या पृष्ठभागापाशीच सुटतात. बोटीची कड खाली येत असताना मासा आत घ्या, कड वर जात असताना नको.

पंधरा मिनिटं टोचा नाही तर कॅप्टननं नांगराची दोरी थोडी कमी-जास्त करून बोट सरकवावी, मग जागा बदलावी. वाऱ्यात नांगर पुन्हा टाकायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. म्हणून पहिली जागा निवडताना घाई न करणारा कॅप्टन बरा.

खारेवारे

रत्नागिरीकडे खडकावर बसून गरवणारी माणसं टोचा बोटानं ओळखतात, दोरी तर्जनीवर धरून. पर्चला तसं चालेल का? आणि नांगर न टाकता वाहत जाऊन मासेमारी करतात का?

शिसं_दोन_औंस

चालतं, उलट लाटेत तेच बरं. काठीचं टोक सारखं हलत असतं, ते बघून काही कळत नाही.

वाहत जाता येतं, पण ताशी अर्ध्या मैलापेक्षा जास्त वेग झाला की पर्च मागे येत नाही. १२ नॉटमध्ये मोठी ड्रिफ्ट पिशवी लावूनही वेग त्याच्यावर जातो. थवे विखुरलेले असतील तेव्हाच करावं. तेव्हा सगळ्यांनी वारा येतो त्या बाजूच्या कडेला उभं राहायचं, म्हणजे दोऱ्या बोटीपासून दूर जातात. दुसऱ्या बाजूला उभं राहिलात तर दोरी बोटीखाली जाते आणि तळाला घासते.

नीलाक्षी

आमिषाचं राहिलं. एमराल्ड शायनर नावाचे छोटे मासे, दीड-दोन इंची, जिवंत. दिवसाला पकडायची मर्यादा प्रत्येकी १० असेल तर सहा जणांचे ६० पर्च. एका पर्चमागे चोरलेले धरून दोन-तीन शायनर लागतात, म्हणजे १२० ते १८०. कॅप्टन पहाटे बंदराजवळच्या दुकानातून घेतो, तरी बुक करताना विचारून ठेवा. काही हंगामांत शायनर मिळतच नाहीत, मग मिठातले वापरावे लागतात.

जिवंत ठेवायचे तर बादलीत सरोवराचंच पाणी, हवेचा पंप, आणि बंद बाटलीत गोठवलेलं पाणी. सुटा बर्फ टाकू नये, नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातलं क्लोरीन शायनर मारतं. गरी दोन्ही डोळ्यांतून घालायची. लाटेत ती टिकते. पाठीतून घातलेला शायनर दोन लाटांत निघून जातो. पर्च आमिष चोरत असतील तर शायनर अर्धा तोडून लावा.

मिठात घालायचे तर पाणी निथळून, आयोडीन नसलेल्या जाड मिठाचे थर देऊन, रात्रभर फ्रिजमध्ये, मग फ्रीझरमध्ये.

उरलेलं आमिष दुसऱ्या तळ्यात नेऊन टाकू नका. ईरीत २००६ साली व्हीएचएस या विषाणूनं मासे मेले, तेव्हापासून आमिषाची ने-आण काटेकोर झाली आहे.

मेंटरकर

खूप उपयोगी. मर्यादा १० म्हणालात, काहीजण ३० म्हणतात. कोणतं बरोबर? आणि परवाना कॅप्टनचा चालतो का?

तांडेल_ओहायो

दोन्ही. ओहायो आपला भाग तीन विभागांत पाहतं आणि मर्यादा १ मे ते ३० एप्रिल अशी ठरवतं. २०२१ च्या हंगामात ह्युरॉन गाव ते फेअरपोर्ट या मध्य विभागात १० होती, पूर्व आणि पश्चिमेला ३०. फेअरपोर्ट नेमकं हद्दीवर, म्हणजे बोट पूर्वेला वळली की पश्चिमेला यावर डब्यातला आकडा ठरू शकतो. चालू वर्षाचा आकडा निघण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर बघा. एकूण पकडीचा कोटा ग्रेट लेक्स फिशरी कमिशनची ईरी समिती दर वसंतात ठरवते, त्यात कॅनडातल्या ओंटारिओचे जाळीवाले मच्छीमारही आले.

परवाना ज्याचा त्याचा. ओहायोत १६ वर्षांपासून लागतो, एका दिवसाचाही मिळतो. कॅप्टनचा कोस्ट गार्डचा परवाना वेगळा. तुमच्यासारख्या सहा जणांच्या बोटीला जो लागतो त्यासाठी ३६० दिवसांचा पाण्यावरचा अनुभव, त्यातले ९० मागच्या तीन वर्षांतले, शिवाय वैद्यकीय आणि अमली पदार्थांची चाचणी. पैसे घेऊन सहापेक्षा जास्त प्रवासी तो घेऊच शकत नाही. सातवा माणूस "फक्त बघायला" आणू नका.

आणि छोटे मासे सोडून मोठे घेऊ, हा विचार ३५-४० फुटांच्या पुढे सोडा. खोलीतून वर येताना पर्चची हवेची पिशवी फुगते, सोडलेला मासा पोट वर करून तरंगतो आणि सीगल उचलतो. आलेला मासा मोजायचा आणि बर्फात टाकायचा.

उत्तरवारा

मळमळीबद्दल कुणी लिहिलं नाही. धावत्या बोटीपेक्षा नांगरावरच्या बोटीत ती जास्त होते. मेक्लिझीन घेणार असाल तर एक गोळी आदल्या रात्री, एक निघण्याच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही. सकाळी उपाशी येऊ नका, तेलकट खाऊनही नको. केबिनमध्ये जाऊन बसू नका, मागे मोकळ्यावर उभं राहून क्षितिज बघा. आमिष लावताना खाली मान घालून दोन मिनिटं बसलात की संपलं. शेजाऱ्याकडून लावून घ्या.

खारेवारे

साफ करायचं आणि खायचं कोण लिहिणार? आमच्यासाठी तोच मुद्दा.

नीलाक्षी

लिहिते. पाठीच्या पंखाचे काटे आणि कल्ल्याची कड, दोन्ही हात कापतात. मासा डोक्याकडून मागे हात फिरवत, काटे दाबून धरायचा. कल्ल्यामागे मणक्यापर्यंत काप, सुरी आडवी करून शेपटीकडे, शेपटीला कातडं जोडलेलं ठेवायचं, तुकडा उलटवायचा आणि कातड्यावरून सुरी सरकवायची. मग बरगड्यांचा पातळ पट्टा काढायचा. एका पर्चचे दोन तुकडे, प्रत्येकी एक-सव्वा औंस. साठ माशांचे साधारण साडेसात ते सव्वानऊ पाउंड. बंदरावर पैसे देऊन साफ करून मिळतात, पण खवले काढून कातड्यासकट हवे असतील तर आधी सांगा, नाहीतर सरसकट कातडं काढतात.

चव मुडदुशीच्या जवळची, सौम्य. म्हणून मसाला कमी. मीठ, हळद, तिखट, थोडं आगळ, पंधरा मिनिटांवर मुरवायचं नाही, तुकडा विरघळतो. बारीक रवा, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. आलं-लसणाचं जाड वाटण लावलंत तर खाली मासा कोणता होता ते कळणार नाही.

मेंटरकर

शेवटचा प्रश्न. कॅप्टननं 'हो' म्हटलं आणि आम्हालाच अंदाज बघून नको वाटलं तर आगाऊ रक्कम जाते का?

तांडेल_ओहायो

बहुतेक ठिकाणी जाते. हवामानाचा निर्णय कॅप्टनचा असतो. त्यानं रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरी तारीख, तुम्ही केलं तर नाही. म्हणून बुक करतानाच तीन गोष्टी लेखी विचारा: किती लाटेच्या वर जात नाही, अर्ध्यातून परत यावं लागलं तर हिशेब कसा, आणि राखीव तारीख देतो का. पहिल्या प्रश्नाला फुटांत उत्तर न देणारा कॅप्टन सोडून द्या. तुमच्यात चार नवखे आहेत, तर अडीच फुटांवर 'नको' म्हणणारा शोधा. आणि सप्टेंबरअखेर सकाळी पाण्यावर चांगलंच गार असतं, प्रत्येकानं पाणी न शिरणारं जाकीट आणि रबरी तळाचे बूट आणावेत. चपला नकोत, डेक माशांच्या चिकट पाण्यानं निसरडा होतो.